तीन नंबरवरचा गळा

मी एकदा एका बाईला स्वेटरमध्ये कोंडलं होतं. दोन्ही हात वर, कोपरापर्यंत बाह्यांत अडकलेले, डोकं आत, आणि गळ्याच्या भोकातून बाहेर आलेला अंबाड्याचा तेवढा शेंडा. आमच्या वाशीच्या घरात, बाहेरच्या खोलीत, दिवसाउजेडी. समोर दिवाणावर तिची सासू बसलेली. स्वेटर माझ्या हातचा, म्हणजे माझ्या मशीनवरचा, आणि त्याचा गळा मी तीन नंबरवर विणला होता. तीन नंबर म्हणजे काय ते सांगते, पण आधी एक कबूल करते. त्या क्षणी मला तिची काळजी वाटली नाही. मला वाटलं, हिचं डोकंच जरा मोठं असणार.

तेव्हाची मी अशी होते. आता नातवंडं मला हसतात ते हसोत, पण त्यांच्या कितीतरी आधी मीच मला पोटभर हसून घेतलेलं आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला आम्ही गिरगावातली खोली सोडून वाशीला आलो. ह्यांची कंपनी ठाणे-बेलापूर रस्त्यावर, म्हणून. नवी इमारत, ओल्या चुन्याचा वास, गॅलरीतून दिसणारं खाजण आणि पलीकडे कुठेतरी खाडी. गिरगावात माझ्या आईला मीठ कमी पडलं की तीन बिऱ्हाडांना कळायचं. इथे दिवसभर मी खोकले तरी ऐकायला कोणी नव्हतं. हे सकाळी जायचे, मुलगा शाळेत जायचा, आणि मग दुपार अशी ताणत जायची की मी भांडीसुद्धा दोनदा घासायची.

अशात दादरला एका प्रदर्शनात मी लोकरीचं मशीन पाहिलं. एक गोरीपान बाई, केस कापलेले, एका हाताने मशीनवरची गाडी इकडून तिकडे सरकवत होती आणि बोलत होती आमच्याशी. खर्रर्र, एक ओळ. खर्रर्र, दुसरी. खाली विणलेलं कापड उतरत होतं. सुयांवर जन्मभर मान मोडणाऱ्या बायकांच्या घोळक्यात मी उभी होते आणि मला तिथल्या तिथे ते मशीन हवं झालं. लहान मुलं बाजारात रस्त्यावर बसतात ना, तशी मी मनातल्या मनात रस्त्यावर बसले.

हे म्हणाले, "अगं, वाशीत स्वेटर कोण घालणार?"

"थंडी पडते की."

"पडते. आठवडाभर. पहाटे." मग त्यांनी जरा विचार केल्यासारखं केलं. "असं करू. एक बर्फाचं मशीनपण घेऊ. म्हणजे गिऱ्हाईक घरच्या घरी तयार होईल."

मशीन आलं. ह्यांच्या थट्टेतलं बर्फाचं मशीनही होतंच, फक्त ते आमच्या घरात नव्हतं, तुर्भ्याला होतं. ते पुढे कळलं.

मशीनबरोबर ते विकणाऱ्यांच्याच बाईचा क्लास होता, काही दिवसांचा. त्यात मी काय शिकले, तर शेजारच्या खुर्चीवरच्या बाईचं माहेर कुठलं आणि तिची जाऊ कशी आहे. कितीतरी महिन्यांनी बोलायला माणूस मिळालं होतं, मी काय करू. शिकवणाऱ्या बाई मशीनवरच्या चकतीबद्दल सांगत होत्या तेव्हा आमची त्या जावेची गोष्ट अगदी रंगात आली होती.

आता गाडीचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मशीन म्हणजे टेबलाला स्क्रूने आवळलेली एक लांब पट्टी. त्या पट्टीत शेजारी शेजारी सुया. प्रत्येक सुईला पुढे आकडा, आणि आकड्याला उघडमीट करणारी एक इवली जीभ. पट्टीवरून सरकते ती कॅरेज. क्लासमधल्या आम्ही सगळ्या तिला गाडीच म्हणायचो. गाडीच्या तोंडात लोकरीचा धागा द्यायचा आणि गाडी एकदा या टोकापासून त्या टोकाला न्यायची, की प्रत्येक सुई आपापला जुना टाका सोडून नवा धरते. एवढंच. पण ती सुई टाका कसा धरणार हे गाडीवरच्या खुंट्या-चकत्या ठरवतात. मधोमध एक मोठी चकती, शून्य ते दहा आकड्यांची. आकडा मोठा ठेवला की सुई जास्त मागे ओढली जाते, फास मोठा पडतो, वीण सैल येते. आकडा लहान, तर फास लहान आणि वीण घट्ट. चकतीच्या दोन बाजूंना दोन खुंट्या. त्या एका जागी ठेवल्या तर गाडी विणते, दुसऱ्या जागी ठेवल्या तर सुयांना न छेडता नुसती पलीकडे जाते. आणि आणखी एक खुंटी होती थांबण्याची. ज्या सुया तुम्ही हाताने पार पुढे ओढून ठेवाल, त्यांना ही खुंटी त्या फेरीत हात लावत नाही. टाके सुईवर तसेच बसून राहतात, बाकीच्यांचं विणणं चालू राहतं.

हे सगळं आज मी इतक्या शहाणपणाने लिहितेय. तेव्हा मी काय केलं, तर विचार केला. रेडिओचा आवाज वाढवायचा तर बटण मोठ्या आकड्याकडे फिरवायचं. पंख्याचंही तसंच. म्हणजे मोठा आकडा म्हणजे जोर. म्हणजे घट्ट वीण हवी तर नऊ.

पहिला स्वेटर ह्यांना केला, नऊवर. गाडी कशी लोण्यातून चालावी तशी चालत होती आणि मी मनात म्हणत होते, आपल्या हाताला गुण आहे. ह्यांनी तो अंगात घातला तेव्हा आतल्या शर्टाच्या चौकटी मोजता येत होत्या. मुलाने छातीवरच्या एका भोकातून बोट घालून बाबांना गुदगुल्या केल्या.

"कसा आहे?" मी विचारलं.

"हवेशीर," हे म्हणाले. आणि तो घालून बाजारात जाऊनही आले. संसारात कोणी कोणासाठी काय केलं याचा हिशोब करू नये म्हणतात, पण हे मी विसरलेले नाही.

एवढ्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? लोकरीचे छोटे छोटे चौकोनी तुकडे वेगवेगळ्या आकड्यांवर विणून पाहिले असते, कुठला कापडासारखा येतो ते. शिकवणाऱ्या बाई हेच सांगत होत्या, असं मला नंतर कळलं. मी मात्र मोठ्या आकड्यांशी वैरच धरलं. त्यानंतर कितीतरी महिने माझी चकती पाचाच्या वर गेली नाही. गाडी चढावरच्या ट्रकसारखी कण्हत जायची, मी दोन्ही हातांनी ढकलायची आणि घाम पुसत म्हणायची, आता कशी पक्की वीण पडतेय.

त्याच सुमाराला ती माझ्याकडे आली.

ती सानपाडा गावातली. आमच्या इमारतीत आधी ती सकाळी मासळीची पाटी घेऊन यायची. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, चटपटीत, जिभेला धार. मी तिच्याशी कोळंबीच्या वाट्यावरून घासाघीस करायची आणि ती मला म्हणायची, "ताई, खाडी काय माझ्या बापाची हाय का, येवरा कमी करायला?" मग मध्येच ती यायची बंद झाली, आणि आली ती पाटीशिवाय.

"ताई, तुमी मशीनवर सेटर करता ना? मना येक पायजे."

तुर्भ्याला कोळंबी गोठवून परदेशी पाठवायचा एक कारखाना होता. तिथे ती कामाला लागली होती. थंड खोलीत उभं राहून कोळंबी निवडायची, पेट्यांत भरायची. बाहेर घामाच्या धारा आणि आत हातपाय बधिर. नवऱ्याचा जुना स्वेटर ती घालून जायची, पण त्याच्या बाह्या ढगळ. कोळंबीच्या पाण्यात बुडायच्या, ओल्या बाह्यांनिशी आठ तास थंडीत उभं राहायचं, आणि घरी येऊन खोकायचं. खोकत होती ती माझ्यासमोरही. तिथल्या मुकादमबाईने सांगून टाकलं होतं की नीट गरम कपडा घालून ये, नाहीतर येऊ नकोस. आणि कपडा कसा, तर मनगटाला गच्च, म्हणजे वरून रबरी हातमोजे चढतील. गळा बंद. आणि पुढे बटणं नकोत.

"बटनं का नकोत?" मी विचारलं.

"तुटून मालान पडला तं आख्खी पेटी फेकाची. त्यांचा गोरा लोक बटन खाईल का?"

बाजारात मिळणारे बायकांचे स्वेटर सगळे पुढून बटणांचे. म्हणून ती माझ्याकडे आली होती.

पण खरी अडचण मुकादमबाई नव्हतीच. ती घरात होती. सासूला हे काम मुळातच पसंत नव्हतं. खोकला सुरू झाल्यावर तिने निकाल दिला होता: सोमवारी अंगात धड स्वेटर असेल तर जा, नाहीतर सोमवारपासून घरात बसायचं. नवरा मधे पडायचा नाही, आईसमोर त्याचं तोंड उघडत नसे.

"मग सोड की," मी म्हटलं. मला काय, बोलायला जिभेला हाड नव्हतं. "पाटी होतीच ना तुझी."

ती म्हणाली, "ताई, पाटी घेतली की समदी माझ्याशी भाव करतान. तुमी पन करता. तिथं म्हैन्याला पगार देतान, माझं नाव घेऊन बोलवतान, नि भाव कोनी करत नाय."

मी टेप आणायला आत गेले आणि जरा वेळ आतच राहिले.

मापं घेतली. छाती, उंची, बाही, मनगट. बंद गळ्याचं माप कसं घेतात? मी मानेचं घेतलं. मान किती बारीक असते, तुम्हीच बघा आपली. डोकं त्याच भोकातून आत जायचं असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. लोकर तिने निवडली, गडद जांभळी, जाड. आणि मी लागले कामाला. पाठ आणि पुढचा भाग पाचावर, मनगटाच्या पट्ट्या तीनवर, गळ्याची पट्टीही तीनवर. बंद गळा हवाय ना? मग घे बंद.

शनिवारी ती पाळी संपवून तिसऱ्या प्रहरी आली. बरोबर सासू. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, आणि पायांना अशा भेगा की मला आधी वाटलं चिखल वाळलाय. ती दिवाणावर बसली आणि तिने मशीनकडे एक नजर टाकली.

सुनेने पदर खोचला आणि स्वेटर डोक्यावरून घेतला. मग ते झालं जे सुरुवातीला सांगितलं. मी खाली ओढला तर तो येईना. सासू उठली आणि तिने वर ओढला, तर जाईना. आम्ही दोघी दोन दिशांना ओढतोय आणि मधे ती जांभळ्या पोत्यासारखी डुलतेय. खालून तिचं पोट उघडं पडलेलं, कारण पाचावरची वीण रुंदीला आणि उंचीला मी धरलं होतं त्यापेक्षा चांगलीच आखडली होती. कापड कसलं, पायपुसण्याचा काथ्या. आतून घुमल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, रडतेय.

हसत होती ती. हसता हसता खोकत होती.

सासू म्हणाली, "जाल्यान मासली जाते ती पन येवरी अरकत नाय."

शेवटी मी कात्री आणली आणि खांद्याची शिवण उसवली. ती शिवण हाताची होती, म्हणून निदान वीण कापायची वेळ आली नाही. डोकं बाहेर आलं, केस सगळे उभे, चेहरा लालबुंद. ती श्वास घेत बसली. मग तिने स्वेटर मांडीवर घेतला, बाही हातावर चढवून मनगट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "हात बरं झालंन."

ते खरंच बरे झाले होते. तीन नंबर मनगटाला हवाच होता. गळ्याला नको होता, एवढंच.

सासू उभी राहिली. "झाला? चल. आता सोमवारी घरान बसाचा."

सुनेकडे बोलायला होतंच काय, सोमवारची अट तिने कबूल केलेली. पण तिने स्वेटर मांडीवरून खाली ठेवला नाही. तो धरून बसली.

आणि मग मी, जिने आयुष्यात वेळेवर एक गोष्ट पूर्ण केली नव्हती, म्हणून गेले, "मावशी, सोमवार उद्या नाही. परवा आहे. बाह्या झाल्यात. पाठ आणि पुढा उद्या पुन्हा करून देते."

"येका दिसान?"

"मशीन आहे ना."

तिने मशीनकडे पुन्हा बघितलं. मग सुनेला म्हणाली, "तू जा घरा, पोरांना बघ. मी हितंच हाय. ही करते का नाय ते बघून येते."

तेव्हा मला कळलं की ही बाई मला पळून जाऊ देणार नाही.

लोकर उसवायला घेतली. उसवलेली लोकर शेवयांसारखी वळ्यावळ्यांची येते, तशीच विणली तर वीण वेडीवाकडी पडते. तिची लडी करून, वाफ देऊन, ताणून वाळवावी लागते. लडी धरायला दोन हात लागतात समोर. घरात दुसरे हात म्हातारीचेच होते.

"मावशी, असे हात धरा."

"मी?"

"दुसरं कोण आहे?"

तिने हात पुढे केले. मी भरभर उसवत गेले आणि लोकर तिच्या मनगटांभोवती गुंडाळत गेले. आता ती उठून जाऊ शकत नव्हती, नाक खाजलं तर मला सांगावं लागत होतं. एकदा तिने सांगितलंही, आणि मी तिचं नाक खाजवलं. त्यानंतर आमच्यात फार परकेपणा उरला नाही.

मी विचारलं, "मावशी, तिला काम का नाही करू देत? ती खूश आहे."

तिने लुगड्याखालून एक पाय पुढे केला. "ह्यो बघ. मी मिठागरान होते. लगीन झाल्यापासून. मिठाच्या पान्यान उभा राहाचा, दिसभर. माझं पाय मिठानं खाल्लं. आता रातचं ठनकतान. तिचं हात बघितलंस? कशी चपल हाय ती, मासली साफ करताना बघ येकदा. ते हात बरफ खाईल." पाय परत आत घेत म्हणाली, "मना कोनी सांगतला नवता नको जाऊ. मी तिला सांगते."

मी गुंडाळी थांबवली होती हे मला तिने सांगितल्यावर कळलं. "हां, कर की गो. हात दुखतान माझं."

हे संध्याकाळी घरी आले तेव्हा दिवाणावर एक अनोळखी म्हातारी हात पुढे करून बसली होती आणि त्या हातांभोवती जांभळी लडी. ह्यांनी बूट काढले, नमस्कार केला आणि आत जाऊन चहा टाकला. कपही त्यांनीच तिच्या तोंडाशी धरला. मी त्या माणसाशी का भांडत आले इतकी वर्षं, कोण जाणे.

आधणाच्या पातेल्यावर लोकरीला वाफा दिल्या. लड्या दोरीवर टांगल्या, खालून तांब्या बांधून ताण दिला, वर पंखा सोडला. रविवारी सकाळी चहा व्हायच्या आत म्हातारी दारात.

"केलास?"

"बसा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा ते केलं जे वर्षभरापूर्वी करायला हवं होतं. मूठभर लोकर घेतली, थोड्या सुयांवर तीन छोटे तुकडे विणले. एक चारवर, एक सातावर, एक नऊवर. ते तिच्या गुडघ्यावर ठेवले.

तिने एकेक चिमटीत धरून ताणला. "ह्यो चटई." चारवरचा. "ह्यो तुज्या नवऱ्याचा." नऊवरचा, म्हणजे तो स्वेटर गावापर्यंत पोचला होता. मग सातावरचा तिने गालाला लावला. "ह्यो कापर हाय."

मी टेपने त्या तुकड्यावरचे टाके मोजले आणि मापाला किती सुया लागतील ते काढलं. तेव्हा कळलं की आधी मी किती सुया कमी घेतल्या होत्या. चकती सातावर ठेवली. गाडी ढकलली आणि दचकले. मी इतका जोर लावला होता की ती पलीकडच्या टोकाला जाऊन आदळली. इतके महिने मी या मशीनशी कुस्ती खेळत होते.

पाठ दुपारपर्यंत उतरली. पुढा सुरू केला आणि गळ्यापाशी आले. इथे सुयांचे दोन भाग करायचे असतात. अर्ध्या सुया पार पुढे ओढायच्या, थांबण्याची खुंटी लावायची, म्हणजे डावा खांदा थांबतो आणि उजवा विणला जातो. मग एकेक सुई कमी करत गळ्याचा उतार द्यायचा. तो झाला की थांबलेल्यांना परत आणायचं आणि त्यांचा खांदा करायचा. खुंटी विसरली तर गाडी सगळ्यांवरून धावते आणि गळा बंद. धागा तोंडातून निसटला असला आणि गाडी चालवली, तर सुयांवरचे सगळे टाके सुटून आख्खं विणकाम धप्पकन पायांवर. तेही मी एकदा केलेलं होतं.

म्हणून मी प्रत्येक फेरीआधी मोठ्याने म्हणत होते, "धागा तोंडात. खुंटी लावली. चकती सात." गाडी. पुन्हा, "धागा तोंडात. खुंटी लावली. चकती सात."

"काय जप करतेस काय?" म्हातारीने विचारलं.

"हो. बोलू नका."

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझ्या मागून तीही पुटपुटतेय. एका फेरीला मी नुसतंच "चकती सात" म्हणून गाडीला हात घातला तर ती म्हणाली, "धागा." मी बघितलं. धागा तोंडाच्या कडेवर लोंबत होता.

गळ्याच्या पट्टीला मी या वेळी पाच आकडा ठेवला, आणि ती दुमडायच्या आधी म्हातारीच्या डोक्यावरून घालून बघितली, अंबाड्यासकट. ती "माझ्या डोक्यावर कशाला" म्हणाली नाही. मान खाली करून बसली.

शिवणं दिवेलागणीला संपलं. ती स्वेटर कापडात गुंडाळून, काखेत धरून गेली. दाराशी बरा झाला म्हणाली नाही, वाईट झाला म्हणाली नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. मी गॅलरीत जाऊन तुर्भ्याच्या दिशेने बघायची. त्या दिशेला ट्रकची धूळ सोडली तर काही दिसत नसे, तरी बघायची. ह्यांना विचारलं, "गेली असेल का हो ती?" हे म्हणाले, "मला कसं कळणार?" मग जरा वेळाने, "जाऊन ये ना." मी गेले नाही. गेले असते आणि ती घरात बसलेली दिसली असती तर काय तोंड दाखवलं असतं? खोकला गेला नसेल. गळा पुन्हा अडकला असेल. किंवा सगळं नीट होऊनही सासूने तिला जाऊ दिलं नसेल, आणि ते पाय बघितल्यावर मी सासूला तरी कुठल्या तोंडाने चुकीची म्हणणार होते? मशीनवर मी चादर टाकून ठेवली होती.

त्या आठवड्याच्या शेवटी सकाळी बेल वाजली. दारात सासू, एकटीच. हातात केळीच्या पानात बांधलेली कोळंबी. मी आत या म्हटलं. ती आत आली, पण दिवाणावर बसली नाही. मशीनवरची चादर तिने स्वतःच उचलून बघितली, गाडी जागेवर आहे ना असं, आणि परत टाकली. मला विचारायचं होतं, पण माझ्याच्याने विचारवेना. मी कोळंबी घेतली आणि उभी राहिले.

ती म्हणाली, "तिची पाली पहाटेची लागलीय आता, अंधारान जाते. तिच्या डब्याच्या भाकऱ्या मनाच थापाला लागतान, नि चूल हाय भायेर पडवीन. मना पन येक सेटर कर, पन बिनहातांचा."